जीएमआरटीच्या जुन्या डेटावरून एच-टू रीजनचा स्पेक्ट्रल इंडेक्स काढायचाय? मग हे आधी वाचा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा नुसतं शिकायचं म्हणून रेडिओ डेटा हाताळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. जीएमआरटी म्हणजे नारायणगावजवळची मोठी रेडिओ दुर्बीण, आणि स्पेक्ट्रल इंडेक्स म्हणजे फ्रिक्वेन्सीबरोबर रेडिओ तेज (फ्लक्स) कसं बदलतं त्याचा घातांक. नेटवर जीएमआरटीची ट्युटोरियल्स भरपूर आहेत पण बहुतेक दूरच्या गॅलेक्सींसाठी लिहिलेली, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून लांब, आजूबाजूचं आकाश शांत असं गृहीत धरून. आपले तरुण वजनदार तारे, ज्यांच्याभोवती एच-टू रीजन बनतात, ते मात्र बसलेत नेमके त्या पट्ट्यात. तीच रेसिपी जशीच्या तशी वापरली तर फोटो झकास येतो आणि आकडे चुकतात, आणि चुकलेत हे कळतही नाही.

आधी थोडक्यात फिजिक्स. ओ किंवा सुरुवातीच्या बी प्रकारचा (म्हणजे खूप गरम, वजनदार) तारा १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे अल्ट्राव्हायोलेट फोटॉन सोडतो, आजूबाजूच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, आणि साधारण ८ ते १० हजार केल्विनचा आयनित गॅसचा फुगा तयार होतो, तोच एच-टू रीजन. मोकळे इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना वळतात आणि रेडिओ लहरी सोडतात, ह्याला फ्री-फ्री एमिशन म्हणतात. ह्या लहरी धुळीतून आरामात बाहेर येतात, त्यामुळे जो तारा दुर्बिणीला दिसतच नाही त्याचाही हिशोब लावता येतो. जास्त फ्रिक्वेन्सीला गॅस पारदर्शक असतो आणि फ्लक्स जवळपास सपाट राहतो, इंडेक्स -०.१. कमी फ्रिक्वेन्सीला गॅस अपारदर्शक होतो आणि इंडेक्स +२ कडे जातो. वळण कुठे येतं ते एमिशन मेझरवर ठरतं, म्हणजे इलेक्ट्रॉन घनतेचा वर्ग गुणिले गॅसची जाडी. एमिशन मेझर १०^६ (एकक पार्सेक प्रति सेंटिमीटर^६) असेल तर वळण ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास, १०^७ असेल तर पावणेदोन गिगाहर्ट्झजवळ. थोडक्यात जीएमआरटीचे बँड बरोब्बर ह्या वळणावर बसतात, म्हणूनच हा सगळा खटाटोप.

आता दुर्बीण. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ एक किलोमीटरच्या चौकात आणि बाकी १६ वाय आकाराच्या तीन हातांवर, सगळ्यात लांब अंतर २५ किलोमीटर. चौकातल्या जवळजवळच्या डिश मोठा पसरलेला गॅस पकडतात आणि लांबच्या बारीक गाठी, एच-टू रीजनला दोन्ही लागतं. शिवाय जागा १९ अंश उत्तरेला असल्याने आकाशगंगेचा मधला भाग चांगला वर येतो, न्यू मेक्सिकोच्या व्हीएलए ह्या रेडिओ दुर्बिणीला तो क्षितिजाजवळ बघावा लागतो.

टार्गेट निवडताना हावरटपणा करू नका. ओरायन सगळ्यांना आवडतो पण पहिल्या प्रयत्नाला तो नको, फार तेजस्वी आणि फार पसरलेला. एक ते तीन आर्कमिनिटांचा, अंतर माहीत असलेला रीजन घ्या. शार्पलेसच्या १९५९च्या यादीत ३१३ आहेत, वाइज ह्या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीच्या कॅटलॉगमध्ये ८ हजारांच्या वर. वाइजचे १२ आणि २२ मायक्रॉनचे फोटो उघडून बघा, आत २२ मायक्रॉनची गरम धूळ आणि भोवती १२ मायक्रॉनची कडा दिसली की समजा रीजन अस्सल आहे. रेडिओत नुसतं कडं आहे आणि इन्फ्रारेडमध्ये आत काहीच नाही, तर तो सुपरनोव्हाचा अवशेष असायची शक्यता जास्त. मग १.४ गिगाहर्ट्झच्या एनव्हीएसएस सर्व्हेत आणि १५० मेगाहर्ट्झच्या टीजीएसएसमध्ये तीच जागा बघून घ्या, टीजीएसएस तर जीएमआरटीवरच झालाय. १५०ला अवशेष उजळ होतो, एच-टू रीजन मंदावतो.

डेटासाठी जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए संस्थेच्या ऑनलाइन आर्काइव्हमध्ये अकाउंट काढायचं, कोऑर्डिनेट टाकून शोधायचं. नवीन डेटा १८ महिने ज्याचा त्याच्याकडे राखीव असतो, त्यानंतर खुला. सुरुवातीला अपग्रेडच्या आधीचा ६१० आणि १२८० मेगाहर्ट्झचा डेटा घ्या, बँडविड्थ ३२ मेगाहर्ट्झ, लॅपटॉपवर चालतो. अपग्रेडनंतरची बँडविड्थ ४०० मेगाहर्ट्झपर्यंत जाते, ते काम मोठ्या मशीनचं आहे. डाउनलोड करायच्या आधी स्कॅनची यादी वाचा, ३सी२८६, ३सी४८ किंवा ३सी१४७ पैकी एक फ्लक्स कॅलिब्रेटर (तेज माहीत असलेला संदर्भ स्रोत) आणि टार्गेटच्या मधे मधे फेज कॅलिब्रेटर (टार्गेटजवळचा संदर्भ स्रोत) असायलाच हवा. आणि यादीत सी०७ नावाची अँटेना दिसली नाही म्हणून घाबरू नका, ती नाहीचये.

फाइल एलटीए फॉरमॅटमध्ये येते, लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स चालवून फिट्स करायची आणि कासा ह्या रेडिओ डेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करायची. पुढचं फ्लॅगिंग, डिले, बँडपास, गेन हे कुठल्याही ट्युटोरियलप्रमाणे करा, त्यात वेगळं काही नाही. कडेचे चॅनल उडवा, टीएफक्रॉप (खराब डेटा आपोआप काढणारी पद्धत) कॅलिब्रेटरवर चालवा, बंद पडलेल्या अँटेना आधीच काढून टाका. कॅप्चर नावाची तयार पाइपलाइनही आहे पण पहिला डेटासेट हातानेच करा, नाहीतर पुढे काही बिघडलं की कुठे बिघडलं ते कळणार नाही.

इमेजिंगला मात्र थांबायचं. टीक्लीनमध्ये (कासातला इमेज बनवणारा टास्क) डिकन्व्हॉल्व्हर मल्टिस्केल ठेवा, साधा क्लीन पसरलेल्या गॅसला बिंदू बिंदू समजून खातो आणि रीजनभोवती निगेटिव्ह खड्डा पडतो. सेल साइज (पिक्सेलचा आकार) ६१०ला १ आर्कसेकंद आणि १२८०ला अर्धा. सेल्फ-कॅलिब्रेशन (टार्गेटच्याच इमेजवरून कॅलिब्रेशन सुधारणं) फेजचं दोन-तीनदा करा, ॲम्प्लिट्यूडचं एकदाच आणि तेही मॉडेल नीट बसलं असेल तरच, नाहीतर पसरलेला फ्लक्स गायब होतो आणि नॉइज छान खाली आलाय म्हणून आपण खूश.

आता मुख्य भानगड, दोन आहेत.

पहिली, दोन्ही फ्रिक्वेन्सींना दुर्बीण सारखं आकाश बघत नाही. डिशमधलं अंतर मोजायचं ते वेव्हलेंग्थमध्ये. १०० मीटर म्हणजे १२८०ला ०.४३ किलोलॅम्डा (४३० वेव्हलेंग्थ) पण ६१०ला ०.२ च. २५ किलोमीटर म्हणजे १२८०ला १०७ किलोलॅम्डा आणि ६१०ला ५१. म्हणजे ६१०ला मोठा पसारा दिसतो तो १२८०ला दिसतच नाही, तिथे साधारण ७ आर्कमिनिटांच्या वरचं सगळं निसटतं. तशीच तुलना केली तर १२८०चा फ्लक्स कमी भरतो, इंडेक्स खोटा निगेटिव्ह येतो आणि माणूस नॉन-थर्मल एमिशन (गरम गॅसचं नसलेलं, चुंबकीय क्षेत्रातल्या वेगवान इलेक्ट्रॉनचं) सापडलं म्हणून पेपर लिहायला बसतो. त्यामुळे दोन्ही इमेज परत बनवा, यूव्हीरेंज (डिशमधल्या अंतरांची मर्यादा) दोन्हीकडे ०.४५ ते ५० किलोलॅम्डा, बीम (इमेजचा बारीकपणा) दोन्हीकडे एकच, पिक्सेलही एकच, आणि प्रायमरी बीम करेक्शन (डिशच्या नजरेच्या कडेला तेज कमी दिसतं त्याची भरपाई) दोन्हीवर.

दुसरी भानगड सिस्टीम टेम्परेचरची, म्हणजे रिसीव्हर आणि आकाश मिळून येणाऱ्या नॉइजची (मोजतात केल्विनमध्ये), ही बऱ्याच जणांना माहीतच नसते. फ्लक्स कॅलिब्रेटर आकाशगंगेपासून लांब, थंड आकाशात, आणि टार्गेट पट्ट्यात जिथे आकाश स्वतःच रेडिओत तापलेलं. जीएमआरटीत दर दिशेचं सिस्टीम टेम्परेचर सतत मोजून ॲडजस्ट होत नाही, त्यामुळे टार्गेटचा फ्लक्स खऱ्यापेक्षा कमी येतो, आणि जितकी फ्रिक्वेन्सी कमी तितका जास्त मार. हिशोब असा, हॅस्लमच्या ४०८ मेगाहर्ट्झच्या अख्ख्या आकाशाच्या नकाशात तुमच्या जागेचं टेम्परेचर वाचा. समजा २०० केल्विन आलं. आकाशाचा इंडेक्स -२.६ धरला तर ६१०ला ते साधारण ७० होतं. सिस्टीमचं स्वतःचं १०० धरा, मग गुणायचा आकडा (७० + १००) भागिले १००, म्हणजे १.७. १२८०ला आकाश दहा-एक केल्विनवर येतं, तिथे करेक्शन किरकोळ.

आता हे केलंच नाही तर काय होतं बघा. ६१०चा फ्लक्स १.७ पटीने कमी, ६१० ते १२८० मधल्या इंडेक्सवर ह्याचा परिणाम साधारण +०.७. म्हणजे खरा -०.१ असलेला सपाट, पारदर्शक रीजन +०.६ दिसणार आणि तुम्ही त्याला दाट, अपारदर्शक, कोवळा अल्ट्राकॉम्पॅक्ट रीजन म्हणणार! वाईट म्हणजे दोन्ही भानगडी उलट्या दिशेला ओढतात, एक निगेटिव्हकडे आणि एक पॉझिटिव्हकडे, त्यामुळे काहीच दुरुस्त न करताही उत्तर योगायोगाने -०.१ येऊ शकतं. पुस्तकातलं उत्तर आलं म्हणून सोडू नका, दोन्ही करेक्शन एकेक करून लावा आणि दर वेळी इंडेक्स किती हलला ते लिहून ठेवा, माझ्या मते प्रोजेक्ट रिपोर्टमधलं सगळ्यात कामाचं टेबल तेच.

इंडेक्सवर भरवसा बसला की ताऱ्याकडे वळायचं. फ्लक्स जान्स्कीमध्ये (रेडिओ फ्लक्सचं एकक), अंतर किलोपार्सेकमध्ये, गॅस १० हजार केल्विन धरून, दर सेकंदाचे आयनीकरण करणारे फोटॉन = ७.६ × १०^४६ × फ्लक्स × अंतराचा वर्ग × गिगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीचा ०.१ घात. उदाहरणार्थ १.२८ गिगाहर्ट्झला २ जान्स्की, अंतर ३ किलोपार्सेक, तर १.४ × १०^४८ येतं, एकच तारा असेल तर तो ओ८.५ ते ओ९ च्या दरम्यानचा. ओ७ला साधारण ४ × १०^४८ लागतात. हे आकडे किमान समजायचे, कारण काही फोटॉन धूळ खाते आणि गॅस थोडा जरी अपारदर्शक असला तरी फ्लक्स कमी दिसतो. अंतराचा वर्ग आहे हेही विसरू नका, अंतरात ३० टक्क्यांची गडबड म्हणजे फोटॉनमध्ये ७० टक्क्यांची.

एवढं सगळं करूनही रीजनच्या कडेला इंडेक्स -०.५ किंवा त्याखाली राहिला तर मग खरंच मजा आहे. तरुण ताऱ्यांच्या जेटमध्ये नॉन-थर्मल एमिशन असतं हे पक्कं झालेलं आहे, एचएच ८०-८१ ह्या अशाच एका जेटमध्ये २०१०मध्ये व्हीएलएने पोलरायझेशन मोजलं होतं, ती नॉन-थर्मलची खूण. पण आधी प्रत्येक पिक्सेलची एरर मॅप बनवा आणि पाच सिग्माखालचे (नॉइजच्या पाच पटीपेक्षा कमी) पिक्सेल झाकून टाका, कडेचे बरेचसे लालनिळे ठिपके तिथेच संपतात. उरलेच तर ३०० ते ५०० मेगाहर्ट्झच्या बँडसाठी स्वतःचं प्रपोजल टाका, सायकल वर्षातून दोनदा असते, एप्रिल आणि ऑक्टोबरपासून. फक्त वेळ मागताना ३६० ते ३८० मेगाहर्ट्झचा पट्टा सॅटेलाइटमुळे हातचा जाणार हे धरूनच सेन्सिटिव्हिटीचा हिशोब करा.