वाचनगट सुरू करताय? आधी ओळ, मग मत

कॉलेजातले बरेच वाचनगट तिसऱ्या-चौथ्या बैठकीतच विरतात, कारण सुरुवातच कादंबरीने केलेली असते. 'अडीचशे पानं वाचून या' म्हटलं की निम्मे अर्धवट वाचून येतात आणि न वाचलेले संकोचाने यायचेच थांबतात. म्हणून निदान पहिले दोन महिने घरचं वाचन नको. तीन-चार पानांची कथा किंवा एखादी कविता घ्या आणि बैठकीतच मोठ्याने वाचा. हजारेक शब्दांना आठ-दहा मिनिटं लागतात. दीड तासात दोनदा वाचूनही बोलायला तासभर उरतो. दुसरं वाचन दुसऱ्या कुणाला तरी द्या. एक जण जिथे थांबतो तिथे दुसरा थांबत नाही, आणि चर्चेला तिथूनच तोंड फुटतं.

माणसं सहा ते दहा असावीत. चौघांच्या गटात दोघं आले नाहीत की बैठक बारगळते. प्रत्येकाच्या हातात छापील प्रत हवी: समास रुंद आणि दर पाचव्या ओळीला क्रमांक. मोबाइलवर प्रत्येकाची ओळ वेगळ्या जागी तुटते, मग 'कुठे आहे ते?' यातच वेळ जातो.

बैठक चालवणाऱ्या संचालकाने 'कशी वाटली?' असं विचारू नये. 'छान' म्हटलं की विषय संपतो. 'कुठे अडखळलात?' असं विचारा. नियम एकच: मत मांडलं की ओळ दाखवायची. समजा कुणी म्हणालं, 'तिने नातं तोडलं.' ओळ काढून बघितली, तर तिथे आहे 'तिने दार लोटलं'. लावलं नाही, लोटलं; म्हणजे कडी उघडीच आहे. एका क्रियापदाने सगळ्यांची समज हलते. वाचनगट असतो तो याचसाठी.

लेखकाचं चरित्र शेवटच्या दहा मिनिटांत. केंब्रिजमध्ये इंग्रजी समीक्षक आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला देत. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांवरचं त्यांचं 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक १९२९ साली आलं. नाव झाकून वाचण्याचा हा प्रयोग महिन्यातून एकदा जरूर करा. मोठ्या नावाच्या दडपणाने गप्प बसणारी मुलं त्या दिवशी हमखास बोलतात.

प्राध्यापक आले तर उत्तमच, पण पहिला अर्धा तास त्यांनी ऐकावं. ते आधी बोलले की बाकीचे वही काढून टिपणं घ्यायला लागतात आणि बैठकीचा तास होतो.

वार आणि वेळ बदलू नका. परीक्षेआधी सुट्टी देताना पुढच्या बैठकीची तारीख, संहिता आणि संचालक तिथेच ठरवा. 'नंतर कळवू' म्हटलेली बैठक सहसा होत नाही.