शाळेच्या हॉलमध्ये लाकडी फ्लोअर टाकण्याआधी

फ्लोअर टाकायचं ठरलं की समितीतले सगळे आधी लाकडाचे नमुने हातात घेतात. ते सध्या कपाटात ठेवा आणि जुलैमध्ये, धो धो पाऊस चालू असताना, हॉलमध्ये तासभर थांबा. पत्र्याच्या स्क्रूपाशी थेंब धरतो का, खिडकीतून झड कुठवर येते, भिंतीला खालून ओल चढली आहे का, व्हरांड्यातलं पाणी उंबऱ्याशी साचतं का, हे वहीत लिहून काढा. मी ज्या शाळेत खेळ शिकवत होते तिथे हे कोणी केलं नव्हतं. मे महिन्यात आरशासारखं चकाकणारं फ्लोअर ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यात फुगून वर आलं. हात फिरवला की फळ्यांच्या कडा बोटांना लागायच्या, चेंडू टाकला की ढबढब आवाज यायचा. दोन वर्षं या हॉलची वाट पाहणाऱ्या मुली पुन्हा चिखलात खेळायला गेल्या, ते मला अजून सलतं.

गळती थांबली की कोब्याकडे वळा. नवा कोबा वरून कोरडा दिसतो, पण आत पाणी असतं. एक इंच जाडी वाळायला साधारण महिना लागतो, पावसाळ्यात जास्त. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लॅस्टिक कोब्यावर ठेवून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उचला. आतून दव आलं असेल किंवा खालचा भाग काळपट पडला असेल, तर थांबा. प्लॅस्टिक कोरडं निघालं तरी कोब्याला भोक पाडून आतली आर्द्रता ठेकेदाराकडून मोजून घ्या आणि आकडा लेखी मागा. तीन मीटरची सरळ पट्टी फिरवून पाहा, खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसायला नको. वाळवीची फवारणी आणि ओल अडवणारं प्लॅस्टिक कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं असू द्या.

फळ्यांच्या खाली काय आहे, यावर मुलांचे गुडघे आणि घोटे अवलंबून असतात. सिमेंटवर थेट चिकटवलेलं लाकूड दिसायला तसंच असतं, पण उडी मारून उतरणाऱ्या मुलाला त्याचा फारसा उपयोग नाही. खाली रबरी पॅड, त्यावर लाकडी रिपा, मग प्लायवूड आणि सगळ्यात वर फळी, अशी रचना मागा. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा घ्या. ईएन १४९०४ या युरोपीय मानकात आघात शोषण, म्हणजे उडीचा धक्का फ्लोअर किती झेलतं ते, २५ ते ७५ टक्के आणि चेंडूची उसळी काँक्रीटच्या तुलनेत किमान ९० टक्के लागते. जर्मन डीआयएन १८०३२ मध्ये आघात शोषण किमान ५३ टक्के असावं लागतं. चाचणीचा अहवाल पूर्ण रचनेचा मागा, नुसत्या लाकडाचा नको.

आता लाकूड. बास्केटबॉलच्या मोठ्या कोर्टांवर उत्तर अमेरिकेतलं हार्ड मेपल असतं, कारण ते घट्ट पोताचं आणि कठीण असतं. लाकडाच्या कठीणपणाच्या जान्का मोजमापात ते १४५० च्या आसपास, तर आपलं सागवान १०७० च्या. पण मेपलला ३५ ते ५० टक्के आर्द्रतेचा हॉल मानवतो आणि रत्नागिरी-मुंबईचा पावसाळा अनेकदा ८० च्या वर असतो. हॉलमध्ये हवा कोरडी ठेवायची सोय असेल तर मेपल घ्या. खिडक्या उघड्याच राहणार असतील तर मला चांगलं वाळवलेलं सागवान जवळचं वाटतं: ते ओलीने कमी फुगतं-आकसतं आणि त्याला वाळवी सहज लागत नाही. खाचा पडतील, आणि अंगच्या तेलामुळे पॉलिश धरायला त्रास देईल, म्हणून आधी एका तुकड्यावर कोटिंग करून पाहा. जाडी विचारताना फळ्या एकमेकींत अडकवायच्या खाचेच्या वर किती मिलिमीटर लाकूड आहे ते विचारा. पुढे घासून नवं करताना तेवढंच उपयोगी पडतं.

गठ्ठे आले की ते हॉलमध्येच उघडून काही दिवस ठेवा आणि ओल मोजायच्या मीटरने तपासा. कोकणात फळ्या मे महिन्यात अगदी चपखल बसवू नयेत, ठरावीक ओळींनंतर बारीक फट ठेवायला सांगा. भिंतीलगत फळ्यांना फुगायला दीड-दोन इंच जागा मोकळी असते. ती गवंडी सवयीने सिमेंटने भरून टाकतो, तेव्हा त्या दिवशी कोणीतरी समोर उभं राहा.

स्वच्छतेच्या ताईंना पहिल्याच दिवशी सांगा: बादली आणि ओलं फडकं इथे नाही, कोरडा मॉप. स्नेहसंमेलनाच्या खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, स्टेजच्या पायांखाली प्लायचे तुकडे. दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत हलकं घासून वरचा एक हात द्यायचा असतो, तो खर्च अंदाजपत्रकात आजच धरा. त्याच लॉटचा एक जास्तीचा गठ्ठा मागून घ्या आणि हॉललगतच्या खोलीत आडवा ठेवा. गच्चीवरच्या अडगळीत टाकलात तर दोन पावसाळ्यांत तो वाकडा होईल.