लॉक मॅनेजर लिहायचाय? आधी मेलेल्या नोडचं बघा

अनेक संगणक (नोड) एकच डिस्क वापरतात, तेव्हा कोणी कधी हात लावायचा हे लॉक देऊन ठरवणारा प्रोग्राम म्हणजे डिस्ट्रिब्युटेड लॉक मॅनेजर. माझा पहिला मी घरातल्या तीन जुन्या लॅपटॉपवर लिहिला. तिघांना मिळून आयस्कझीवरची, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेली, एक डिस्क. लॉक मागणं, मिळणं, सोडणं, सगळं छान चालू झालं. मग गंमत म्हणून एका लॅपटॉपचं झाकण मिटलं. दहा सेकंद हाक ऐकू आली नाही म्हणून बाकी दोघांनी त्याला मेलेला ठरवलं आणि त्याचं लॉक वाटून टाकलं. मी झाकण उघडलं, तसं त्या 'मेलेल्या'नं उठून अर्धवट राहिलेलं लिखाण डिस्कवर पूर्ण केलं. फाइलचा पार भुगा.

म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी फेन्सिंग, म्हणजे मेलेल्याला डिस्कपासून तोडणं, ठरवा. गप्प झालेल्या नोडचं लॉक दुसऱ्याला देण्यापूर्वी त्या नोडची वीज तोडा, नाहीतर त्याची डिस्कवरची वाट तरी बंद करा. मी आयस्कझी टार्गेटवरच (डिस्क पुरवणाऱ्या टोकाला) त्याचं सेशन तोडून प्रवेश काढून घेतो. 'टाइमआउट वाढवला की झालं' हे मीही म्हणून पाहिलं आहे. त्यानं भुगा फक्त उशिरा होतो.

लॉकचे मोड, म्हणजे लॉक वाचायचं की लिहायचं आणि शेजारी कोण चालेल याचे प्रकार, स्वतः शोधत बसू नका. व्हॅक्स संगणकांच्या क्लस्टरसाठी (जोडलेल्या गटासाठी) व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 1980च्या दशकात ठरलेले सहा आजही लिनक्सच्या डीएलएममध्ये (डिस्ट्रिब्युटेड लॉक मॅनेजरमध्ये) आहेत: एनएल (नल), सीआर (कॉन्करंट रीड), सीडब्ल्यू (कॉन्करंट राइट), पीआर (प्रोटेक्टेड रीड), पीडब्ल्यू (प्रोटेक्टेड राइट), ईएक्स (एक्सक्लुझिव्ह). कोणाचं कोणाशी जमतं याचा सहा बाय सहाचा तक्ता कोडमध्ये सरळ टाका, इफ-एल्सची जत्रा नको. एनएल सगळ्यांशी जमवून घेतं, ईएक्सचं एनएलशिवाय कोणाशीच पटत नाही. पीआर म्हणजे अनेकांनी एकत्र वाचणं. पीडब्ल्यू एका वेळी एकालाच, पण सीआरवाले वाचक शेजारी चालतात.

प्रत्येक रिसोर्सला (ज्यावर लॉक मागतात त्या गोष्टीला, जसं एखादी फाइल) तीन रांगा: मिळालेले, मोड बदलू पाहणारे, नव्यानं थांबलेले. मोड बदलणाऱ्यांचा नंबर नव्यांच्या आधी. इथे एक खड्डा आहे. दोन नोडांकडे पीआर आहे आणि दोघांनाही ईएक्स हवंय, तर दोघंही एकमेकांच्या सुटण्याची वाट बघत जन्मभर बसतील. वाचून लगेच लिहायचंच असेल, तर सुरुवातीलाच पीडब्ल्यू मागायचं.

रिसोर्सच्या नावाचा हॅश (नावावरून निघणारा आकडा) काढून त्याचा डिरेक्टरी नोड ठरवा. तिथे फक्त 'याचा मास्टर कोण' एवढीच नोंद. रांगा मास्टरकडे, आणि पहिल्यांदा मागणारा तोच मास्टर. बहुतेक फाइली एकच नोड वापरत असतो, त्यामुळे पुढची मागणी नेटवर्कवर जातच नाही. दुसऱ्याला तेच लॉक हवं असेल तर धारकाला 'तुझ्यामुळे कोणीतरी अडलंय' असा निरोप पाठवा. त्यानं कॅश (मेमरीतली प्रत) डिस्कवर उतरवून मोड खाली आणायचा. लगेच सोडायची सक्ती नाही.

लॉकसोबत थोडी माहितीही फिरवता येते, तिला व्हॅल्यू ब्लॉक म्हणतात. व्हीएमएसमध्ये तो मुळात 16 बाइटचा होता. मी त्यात आवृत्ती क्रमांक ठेवतो. लॉक मिळालं, क्रमांक जुनाच आहे, म्हणजे माझी कॅश अजून ताजी, डिस्क वाचायचं वाचलं. पण पीडब्ल्यू किंवा ईएक्स हातात असताना धारक मेला, तर तो ब्लॉक 'भरवशाचा नाही' अशी खूण करून ठेवा.

आता नोड मेल्यावरचा क्रम. नवी लॉक देणं थांबवा. कोरम (बहुमत) मोजा, तिघांत दोघं तरी हवेत. फेन्सिंग झाल्याची खात्री करा. मेलेल्याची लॉक पुसा. तो ज्यांचा मास्टर होता, त्या रिसोर्सना नवा मास्टर नेमा आणि उरलेल्यांकडून 'माझ्याकडे हे-हे आहे' असं सांगवून रांगा परत उभ्या करा. मगच दार उघडा. प्रत्येक निरोपावर क्लस्टरचा पिढी क्रमांक (गटातले नोड बदलले की वाढणारा) घाला, म्हणजे जुन्या पिढीतून रेंगाळत आलेला निरोप ओळखून फेकून देता येतो. हा क्रमांक मी दुसऱ्या खेपेला घातला. त्याआधी चार रात्री एका भुताटकी अनलॉकच्या मागे गेल्या.

चाचणी करताना प्रोसेस नुसती मारू नका. तिला एसआयजीस्टॉप (गोठवणारा सिग्नल) द्या, चहा करून या, मग एसआयजीकॉन्ट (पुन्हा चालू करणारा) द्या आणि डिस्कवर काय उमटतं ते बघा.