पहिला बेस, पहिला ॲम्प: दुकानात आधी वायर लावू नका

बेस गिटार घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो असा: ‘आधी साधी गिटार शीक, मग बेसवर ये.’ कशाला? बेसच्या चार तारा गिटारच्या खालच्या चार तारांसारख्याच लागतात, ई-ए-डी-जी, फक्त एक सप्तक खाली. बाकी हात वेगळा, कान वेगळा, बँडमधलं काम तर पूर्णच वेगळं. ड्रम शिकायला निघालेल्याला कोणी आधी पियानो शीक म्हणत नाही. बेस वाजवायचाय ना, मग बेसच घ्या.

पहिला बेस निवडायला मी आजवर बऱ्याच जणांसोबत गेलोय. त्याआधी स्वतः सपशेल फसलोय. त्यामुळे खाली काही पायऱ्या एका ओळीत उरकल्या आहेत आणि एकीवर मी बराच वेळ अडून बसलो आहे. ती सोडून बाकीचा लेख विसरलात तरी चालेल.

पायरी १: तारा चार

पाचव्या तारेचा मोह आत्ता नको. ती खालच्या बी सुरात लागते. तो सूर ३१ हर्ट्झच्या आसपास असतो, नवशिक्याच्या छोट्या ॲम्पमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीतून, तो नीट निघत नाही आणि वाजत नसलेली तार दाबून ठेवायचं काम मात्र वाढतं.

पायरी २: लांबी

नटपासून, म्हणजे डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंतची, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथपर्यंतची, लांबी बहुतेक बेसवर ३४ इंच असते. शॉर्ट स्केल म्हणतात तो ३० इंचांचा. फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं, म्हणजे तारांखालच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांचं, अंतर ३४ इंचीवर साधारण १३० मिमी भरतं आणि ३० इंचीवर ११४. चार बोटं ताणून बघा, कळेल. ‘शॉर्ट स्केल म्हणजे लहान मुलांचा’ हे ऐकून सोडून द्या. पॉल मॅकार्टनीचा तो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर शॉर्ट स्केलच आहे. मात्र ई तार जरा सैल आणि गोलसर लागते, ती आवडते का ते बघा.

पायरी ३: पी की जे

यावर लोक तासन्‌तास भांडतात. फेंडर कंपनीचा प्रिसिजन (पी) १९५१चा, जॅझ (जे) १९६०चा, आणि आज दुकानात टांगलेले निम्मे बेस या दोघांचीच भावंडं असतात. पीचा एकच, दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप, म्हणजे तारेची हालचाल टिपणारा चुंबक, असतो. आवाज भरीव, बटणं दोन, चुकायला वाव नाही. जेचे दोन पिकअप, नेक, म्हणजे बेसची मान, नटपाशी अरुंद, साधारण ३८ मिमी. जेचा एकच पिकअप चालू ठेवला की गुणगुण ऐकू येते, दोन्ही पूर्ण उघडले की थांबते. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे. हाताला जो बरा वाटेल तो घ्या आणि पुढे चला.

पायरी ४: वायर न लावता बघा

आता इथे थांबू.

माझा पहिला बेस गडद लाल होता. दुकानदाराने तो भल्यामोठ्या ॲम्पला जोडला, स्वतःच चार सूर वाजवले, काचा थरथरल्या, मी खलास. घरी आणला तर बाराव्या फ्रेटच्या पुढे तार दाबताना बोटांना घाम फुटायचा. ज्याला सांगावं तो म्हणे, ‘बोटं तयार होतील.’ आठ महिने मी बोटं तयार करत बसलो. शेवटी एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेला. त्याने ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायला लावली आणि मधल्या फटीतून जाडजूड ॲलन की आरपार सरकवून दाखवली. ती तारेला टेकलीसुद्धा नाही. नेक धनुष्यासारखी वाकली होती. मी म्हटलं, करा सरळ. त्याने ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या धातूच्या सळईला, चावी लावली, थोडा जोर दिला आणि हात झटकला. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला होता. कोणीतरी माझ्याआधी हे करून हात टेकले होते.

तेव्हापासून मी बेसमध्ये दोष आहे का हे बघत नाही. दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक बेसमध्ये तो असतो. मी बघतो तो दुरुस्त करायला जागा उरली आहे का.

आधी सुरात लावा. दुकानातले बेस बहुतेकदा सैल पडलेले असतात आणि सैल बेस खोटं बोलतो. चार तारा मिळून नेकला साधारण ७५ ते ८० किलोच्या जोराने ओढतात. तो ताण नसेल तर वाकणारी नेकही सरळ दिसते. क्लिपचा ट्यूनर खिशात ठेवा. फोनचा मायक्रोफोन ई तारेच्या ४१ हर्ट्झला गडबडतो. फोनच वापरायचा असेल तर बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे एक सप्तक वरचा घंटेसारखा सूर, काढा आणि तो लावा.

मग सोबतच्या माणसाला ई तार पहिल्या फ्रेटवर दाबायला सांगा. सोबत कोणी न्यायचंच, ते याचसाठी. तुम्ही उजव्या हाताने शेवटचा फ्रेट दाबा. ताणलेली तार म्हणजे तुमच्या हातातली फूटपट्टी. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर डाव्या बोटाने तारेला हलकी टिचकी मारा. तार आणि फ्रेट यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढी, म्हणजे ०.३ मिमीच्या आसपास फट हवी आणि टिचकीला बारीकसा ‘टक्’ ऐकू यायला हवा. फट मोठी असेल तर नेक पुढे वाकली आहे. ‘टक्’ येतच नसेल तर ती मागे गेली आहे आणि सुरुवातीच्या फ्रेटांवर खरखर होणार.

यात घाबरण्यासारखं काही नाही. ट्रस रॉड असतो तो याचसाठी. दुकानदाराला तिथल्या तिथे, तुमच्यासमोर, पाव फेरा द्यायला सांगा. फिरला आणि फट बदलली, तर उत्तम. ‘नंतर करून देऊ’, ‘सगळ्यांची अशीच असते’, ‘फॅक्टरी सेटिंग आहे, हात लावू नका’ असं आलं, की बेस भिंतीवर परत. फॅक्टरीतून निघाल्यावर लाकडाने किती हवा बदलली याचा हिशेब कोणाकडे नसतो. आणि दुकानात तुम्ही स्वतः चावी फिरवू नका. पावऐवजी पूर्ण फेरा दिला आणि काही कडकन्‌ वाजलं, तर ते तुमच्या खात्यावर.

आता बाराव्या फ्रेटवर तारेची उंची. छोटी पट्टी घेऊन मोजा. ई तारेखाली २ ते २.५ मिमी, जीखाली दीड ते दोन. जास्त असेल तर लगेच ब्रिजकडे बघा. तिथे प्रत्येक तारेखाली एक छोटी खुर्ची असते, तिला सॅडल म्हणतात आणि ती स्क्रूने वरखाली होते. सॅडल वर असेल तर खाली घ्यायला जागा आहे, काम झालं. सॅडल तळाला टेकलेली, फटही बरोबर आणि तरी तार उंच? मग नेक बॉडीला चुकीच्या कोनात बसली आहे. ते काम तुमचं नाही आणि तुमच्या पैशाचंही नाही.

त्यानंतर प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकेक सूर. चार तारा, वीस फ्रेट, ऐंशी सूर. पाच मिनिटं लागतात. दुकानदार घड्याळाकडे बघेल, बघू दे. सगळीकडे सारखी हलकी झरझर असेल तर ती उंचीची गोष्ट, सुटते. आणि बिनवायरीची थोडीशी झरझर ॲम्पमधून बहुतेक वेळा ऐकूही येत नाही, तेव्हा तिचा बाऊ करू नका. पण चारही तारांवर एकाच जागी सूर फाटत असेल, तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे किंवा दाबतोय तो झिजलाय. तानपुऱ्याला जवारी शोभते, बेसच्या नवव्या फ्रेटला नाही.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास जरा थांबा. बऱ्याच बेसवर इथे कुठेतरी एक मेलेली जागा असते: सूर लागतो आणि शेजारच्यांपेक्षा लवकर विझतो. नेकचं लाकूड त्या सुराची हालचाल स्वतःच खाऊन टाकतं. चावी, सॅडल, नवीन तारा, कशानेही ती पूर्ण जात नाही. थोडी असेल तर मी चालवून घेतो. सूर लागताक्षणी विझत असेल तर नाही.

शेवटी बेस उचलून बॉडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून डोक्याकडे बघा. फ्रेटांच्या रेषा आगगाडीच्या रुळांखालच्या पट्ट्यांसारख्या एकापाठी एक समांतर दिसायला हव्यात. एका बाजूला पीळ पडलेला दिसला, तर बाकी काहीही चांगलं असो, नमस्कार करा. नेकच्या कडेवरून तळहात फिरवा. फ्रेटची टोकं खरचटत असतील तर घासून घेता येतात, पण घासायचं काम दुकानदाराचं.

बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळत नसेल तर सॅडल मागेपुढे करून जुळतो, त्यावर बेस नाकारू नका.

पायरी ५: पट्टा लावून उभे राहा

डावा हात सोडा. बेसचं डोकं जमिनीकडे झुकलं, तर तुमचा डावा हात जन्मभर सूर दाबायचा सोडून हमाली करेल. वजन चार किलोच्या आसपास ठीक. साडेचारच्या वर गेलात तर तासाभराने खांदा सांगेल.

पायरी ६: आता वायर

तुम्ही स्वतः वाजवा, दुकानदाराला वाजवू देऊ नका. चांगल्या हाताखाली फळीसुद्धा गाते. ॲम्पचे बास, मिडल, ट्रेबल मधोमध. बेसवरची सगळी बटणं सावकाश फिरवा, कुठे करकर येते का, वायर हलवल्यावर आवाज तुटतो का बघा. बेस ॲक्टिव्ह असेल, म्हणजे आत ९ व्होल्टची बॅटरी असेल, तर आवाज चढा आणि चकचकीत येणारच, त्यावर भाळू नका. आणि घरी वाजवून झालं की वायर काढून ठेवा. ती लावलेली राहिली की बॅटरी रात्रभर खर्च होते.

पायरी ७: ॲम्प

घरात गिटारचा ॲम्प पडला आहे, तोच चालेल का? हळू आवाजात चालेल. मोठा केलात तर त्याचा स्पीकर आधी भकभकेल, मग फाटेल. तो एवढं पुढे-मागे हलण्यासाठी बनवलेलाच नसतो.

वॉटच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे: अजून जमलेल्या नसलेल्या बँडसाठी ॲम्प घेऊ नका. घरी १५ ते ३० वॉट, ८ किंवा १० इंची स्पीकर आणि हेडफोनचं भोक, बस्स. ड्रमरसोबत वाजवायचं तर १०० वॉटही कुरकुरतात, तिथे २०० ते ३०० लागतात. त्यामुळे ‘मधला म्हणून ५० घेतो’ हा सगळ्यात वाईट सौदा: घरात जास्त, बँडमध्ये अपुरा. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, दुप्पट होत नाही. बँड जमला की तेव्हा मोठा बघा, हा घरी राहील.

दुकानात ॲम्प तपासताना गडगडाट ऐकू नका. ८ इंची स्पीकरमधून खालच्या ईचा मूळ ४१ हर्ट्झचा सूर फारसा येतच नाही. वरच्या पटींवरून कान तो भरून काढतो. म्हणून मी एवढंच करतो: जी तार आणि ई तार एकाच जोराने छेडतो. जीपेक्षा ई अगदीच दबली तर ॲम्प नको. मग आवाज हळूहळू चढवत ई छेडत राहतो आणि ती कुठे फाटते ते बघतो. माझ्या घरात जेवढा आवाज लागतो त्याच्या बराच पुढे फाटली पाहिजे. ॲम्प कोपऱ्यात ढकलून ठेवला असेल तर आधी बाहेर ओढा. कोपरा खर्ज फुगवतो आणि घरी तुम्हाला तो कोपरा मिळेलच असं नाही.

शेजारी कटकटे असतील तर ॲम्पच नका घेऊ, चांगले हेडफोन आणि बेसमध्ये खुपसायचा छोटा हेडफोन ॲम्प पुरे. वर्षभर तसं वाजवणारे मला माहीत आहेत आणि त्यांची बोटं इतरांपेक्षा स्वच्छ पडतात, कारण हेडफोनमध्ये प्रत्येक चूक कानात ओरडते.

पायरी ८: घरी आल्यावर

पट्टा, वायर, ट्यूनर, ॲलन कीचा संच घेतलाच असेल. दोन-तीन आठवडे वाजवा आणि मग ती कार्डाची फट पुन्हा बघा. नवीन जागेच्या हवेत नेक थोडी सरकतेच. आता चावी तुमची तुम्ही फिरवू शकता: पाव फेऱ्यापेक्षा कमी, मग पुन्हा सुरात लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. लगेच दुसरा फेरा देऊ नका, लाकूड रात्रभरात आणखी थोडं हलतं.