ऑफिसचे कपडे कसे निवडावेत: आधी खुर्चीत बसून बघा, मग आरशात

ऑफिसला काय घालायचं, हे आपण बहुतेकजणी कपाटासमोर उभ्या राहून आणि आरशात बघून ठरवतो. पण दिवसाचे आठ-नऊ तास जातात ते खुर्चीत बसून, पडलेलं पेन उचलायला वाकून, वरच्या कप्प्यातली फाईल काढायला हात ताणून, जिने चढून. उभ्याने झकास दिसणारा कुर्ता बसल्यावर पोटाशी गोळा होतो, आणि मग दिवसभर एक हात तो सारखा करण्यात अडकून पडतो. मीटिंगमध्ये दर दोन मिनिटांनी गळा वर ओढावा लागला, तर बोलण्याकडे निम्मंच लक्ष राहतं. म्हणून माझा निकष एकच आहे: घातल्यावर संध्याकाळपर्यंत ज्यांची आठवणही येत नाही, ते ऑफिसचे चांगले कपडे. नीटनेटकेपणाही बराचसा त्यातूनच येतो.

पायरी १: आधी दिवस बघा आणि नियम विचारा

ऑफिसला कसं जाता, गर्दीतून की स्वतःच्या वाहनावरून? दिवसभर बसून काम असतं की फिरून? ग्राहक भेटतात का? प्रयोगशाळा, कारखाना, बांधकामाची जागा यांपैकी कुठे जावं लागतं का? या चार-पाच उत्तरांवर कपडे ठरतात. यंत्राजवळ काम असेल तर ओढणी, घोळदार बाही आणि लोंबणारे दागिने बादच करा.

नवीन नोकरी असेल तर रुजू होण्याआधी एचआरला नेमकं विचारा. ‘ड्रेसकोड काय आहे?’ असं विचारलं की ‘फॉर्मल’ एवढंच उत्तर मिळतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी जीन्स चालते का, बिनबाह्यांचं चालतं का, पुढून उघडी चप्पल चालते का, असं एकेक विचारा. पहिल्या दिवशी अंदाजापेक्षा थोडे जास्तच फॉर्मल कपडे घाला, कारण दुसऱ्या दिवशी त्यातून सैल होणं सोपं असतं. मात्र पहिल्या पगाराआधी सगळं कपाट नव्याने भरू नका. आपल्यासारखंच काम करणाऱ्या बायका रोज काय घालतात ते दोन आठवडे बघा, आणि मगच खरेदीला निघा.

पायरी २: सुरुवात आतल्या कपड्यांपासून

वरचा कपडा कितीही चांगला असला तरी ब्रा नीट बसत नसेल तर दिवस वाईटच जातो. ब्राचा बहुतेक भार खांद्यावरच्या पट्ट्यांनी नाही, तर छातीभोवतीच्या पट्ट्याने पेलायचा असतो. हा पट्टा पाठीवर वर चढत असेल तर तो सैल आहे. खांद्यावर वळ उठत असतील तरीही आधी तोच तपासा. त्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत, एवढा तो घट्ट हवा. नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर बरोबर बसते का ते बघून घ्या, म्हणजे इलॅस्टिक सैल होत जाईल तसं आतल्या हुकांवर सरकता येतं.

पांढऱ्या किंवा फिक्या कपड्यांखाली पांढरी ब्रा उठून दिसते. तिथे आपल्या त्वचेच्या रंगाची घाला. निकर सुती, आणि शिवणी मांड्यांवर रुतणार नाहीत अशा मापाची असावी. बारीक वाटतं, पण बसून काम करणारीला हेच सगळ्यात जास्त टोचतं.

पायरी ३: कापड हाताने ओळखा

लेबल वाचायची सवय लावा. सर्वसाधारण हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतं, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम आला की पॉलिएस्टर अंगाला चिकटतं ते यामुळेच. लिनन आणि व्हिस्कोस ओलावा चांगला शोषतात, पण लिनन लगेच चुरगळतं आणि व्हिस्कोस ओलं असताना कमजोर पडतं, म्हणून ते पिळू नये. रोजच्या वापराला सुती कापडात थोडं पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर इस्त्री टिकते. ट्राउझरमध्ये २-३ टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असलं की बसताना कापड गुडघ्याला आणि कमरेला थोडं ताणलं जातं. बराच वेळ बसणाऱ्यांना हा फरक चांगला जाणवतो.

दुकानात दोन चाचण्या करा. कापडाचा कोपरा मुठीत दाबून दहापर्यंत मोजा आणि सोडा. चुण्या तशाच राहिल्या तर दुपारपर्यंत मांडीवरही तशाच दिसतील. मग कापडाच्या आत हात घालून उजेडासमोर धरा. बोटं वेगवेगळी दिसली तर अस्तर किंवा स्लिप लागणार. दुकानातल्या पिवळट दिव्यांखाली जे झाकलेलं वाटतं, ते दिवसाच्या उजेडात झाकलेलं असेलच असं नाही, म्हणून शक्य झाल्यास दाराजवळ नेऊन बघा.

पायरी ४: बसा, वाका, हात वर करा

ही पायरी टाळू नका. ट्रायल रूममध्ये स्टूल असेल तर त्यावर बसा, नसेल तर खाली उकिडव्या बसा.

बसल्यावर कंबर आणि नितंब पसरतात. उभ्याने बरोबर वाटणारी कमरपट्टी बसल्यावर पोटात रुतत असेल तर जेवणानंतर ती असह्य होईल. बसलेल्या अवस्थेत कमरपट्टीत दोन बोटं जायला हवीत. स्कर्ट किंवा ड्रेस बसल्यावर किती वर सरकतो तेही बघा. उभ्याने गुडघ्यापर्यंत येणारा स्कर्ट बसल्यावर चांगला चार बोटं वर जातो. कुर्त्याचे बाजूचे कट कमरेच्या फार वरपर्यंत असतील तर बसल्यावर ते उघडतात. शिंप्याला सांगून दोन बोटं खाली टाके घालून घेतले की काम होतं.

आता दोन्ही हात डोक्यावर न्या. शर्ट किंवा टॉप खालून वर येऊन पोट उघडं पडतं का? मग हात पुढे करून टाईप करत असल्यासारखे धरा. पाठीत ताण बसला तर मुंढा लहान आहे किंवा पाठ अरुंद आहे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. कंबर, बाही आणि लांबी शिंपी कमी करून देतो, पण खांदा दुरुस्त करणं किचकट आणि खर्चिक असतं, म्हणून कपडा खांद्याच्या मापाने घ्या आणि बाकीचा आत घेऊन घ्या.

यानंतर पुढे वाकून आरशात गळा बघा. समोर बसलेल्या माणसाला लॅपटॉप वळवून दाखवताना आपण नेमक्या इतक्याच वाकतो.

शर्टाची बटणं छातीशी फाकतात, ही तक्रार फार जणींची आहे. मोठं माप घेतलं तर खांदे उतरतात. त्यापेक्षा जी दोन बटणं फाकतात त्यांच्या बरोबर मध्ये, पट्टीच्या आतून, एक छोटं टिचबटण लावा. बाहेरून काहीच दिसत नाही. हाताने शिवलं तरी दहा मिनिटांत होतं, आणि एरवी पडून राहिलेला शर्ट वापरात येतो.

साडी किंवा ओढणी असेल तर आणखी एक तपासणी हवी, ती म्हणजे खुर्चीची चाकं. चाकाच्या खुर्चीवर बसताना पदर किंवा ओढणीचं टोक मांडीवर घ्या, मागे लोंबू देऊ नका. चाकात अडकलं की उठताना कापड फाटतं, आणि ओढणी गळ्याभोवती असेल तर इजाही होऊ शकते. पदर खांद्यावर पिन करून चुण्या लावलेला असला की काम करताना हात मोकळे राहतात. पिन मात्र ब्लाऊजच्या आतून घाला, म्हणजे साडीच्या नाजूक धाग्यांवर ताण येत नाही.

पायरी ५: एसीसाठी वरचा एक थर

ऑफिसात आपल्यालाच थंडी वाजते, शेजारच्या पुरुष सहकाऱ्याला मात्र नाही, असं होत असेल तर तो तुमचा नाजूकपणा नाही. इमारतींमधल्या तापमानाची मानकं १९६० च्या दशकातल्या हिशोबावर उभी आहेत, आणि त्यात शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेसाठी सुमारे ७० किलो वजनाचा, चाळिशीतला पुरुष धरलेला आहे. २०१५ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात नेदरलँड्सच्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की या हिशोबात बायकांच्या शरीरातली उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते. तापमान बदलायला जरूर सांगा. पण ते बदलेपर्यंत एक ब्लेझर, कार्डिगन किंवा शाल ऑफिसातच ठेवून द्या. काळा, नेव्ही किंवा राखाडी रंग घेतला तर तो बहुतेक कपड्यांवर चालतो. आत बिनबाह्यांचं किंवा अर्ध्या बाहीचं सुती, वर हा थर. अचानक मोठी मीटिंग ठरली तरी ब्लेझर कामी येतो. कोरड्या एसीच्या हवेत सिंथेटिक स्कर्ट किंवा कुर्ता पायांना चिकटत असेल तर आत सुती स्लिप घाला आणि पायांना मॉइश्चरायझर लावा.

पायरी ६: चपला-बूट संध्याकाळी घ्या

दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी घेतलेला बूट म्हणूनच चार वाजता चावतो. खरेदी संध्याकाळी करा, आणि दोन्ही पायांपैकी मोठा असेल त्याच्या मापाने घ्या. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. पुढचा भाग बोटांच्या आकाराचा असावा. टोकदार बुटात बोटं एकमेकांवर चढतात, आणि ‘घालून घालून सैल होतील’ यावर विश्वास ठेवू नका.

टाच जितकी उंच, तितका भार पायाच्या पंज्यावर. दोन-तीन सेंटिमीटरची रुंद टाच दिवसभर चालते. उंच टाचा आवडत असतील तर त्या ऑफिसात ठेवा आणि प्रवासात सपाट बूट घाला. कुठल्याही कामासाठी उंच टाचांची सक्ती असण्याचं मात्र काही कारण नाही. २०१५ च्या डिसेंबरात लंडनमध्ये एका रिसेप्शनिस्टला सपाट बूट घातले म्हणून कामावरून घरी पाठवलं. तिने सुरू केलेल्या अर्जावर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि विषय ब्रिटनच्या संसदेत गेला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१७ मध्ये अशी सक्ती करायला बंदीच घातली. तुमच्याकडे असा नियम पुढे केला गेला तर तो लेखी मागा, आणि तोच पुरुषांना कसा लागू होतो हे शांतपणे विचारा.

पायरी ७: दागिने, वास, खिसे

की-बोर्डवर वाजणाऱ्या बांगड्या आणि हेडफोनखाली टोचणारे कानातले टाळा. अत्तर एवढंच लावा की शेजारच्या टेबलापर्यंत जाणार नाही, कारण काहींचं डोकं त्याने खरंच दुखतं. कुर्ता किंवा ट्राउझर शिवून घेत असाल तर खिसा सांगायला विसरू नका, आणि त्यात फोन पूर्ण मावतो का ते बघा. व्हिडिओ कॉल असेल त्या दिवशी अगदी बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरल्यासारख्या दिसतात.

पायरी ८: शरीर बदलतं, तसे कपडेही

पाळीच्या आधी आणि पाळीत पोट फुगतं. त्या दिवसांसाठी सैल कमरेची, गडद रंगाची एक ट्राउझर किंवा सलवार वेगळी ठेवा. बाळंतपणानंतर दूध पाजत किंवा पंपाने काढत असाल तर पुढून उघडणारे, नक्षीदार कापडाचे कपडे सोयीचे, ओले डाग त्यात लपतात. रजोनिवृत्तीच्या काळात अचानक गरम होत असेल तर उंच बंद गळा नको, आणि वरचा थर झटकन काढता येईल असा ठेवा. वजन बदललं असेल तर ‘पुन्हा बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून जुन्या मापात दिवस काढू नका. आज आहे त्या शरीराला बसणारे तीन-चार जोडही आठवड्याला पुरतात.

पायरी ९: आदल्या रात्री आणि ड्रॉवरमध्ये

कपडे आदल्या रात्री काढून ठेवा आणि तेव्हाच बटण, हूक, चेन, उसवलेली शिवण तपासा. डिओडरंट वाळल्यावरच कपडा घाला. घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामात मिसळून काखेत पिवळे डाग पडतात. असा कपडा त्याच दिवशी थंड पाण्यात भिजवा. क्लोरीनच्या ब्लीचने हे डाग अनेकदा आणखी पिवळे होतात. गडद कपडे उलटे करून धुतले की रंग जास्त टिकतो.

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक छोटी पिशवी असू द्या: चार सेफ्टी पिना, सुई आणि काळा-पांढरा दोरा, दोन सुटी बटणं, सॅनिटरी पॅड, एक निकर, पायाला चावलं तर लावायच्या पट्ट्या. दोरा आधीच ओवून ठेवलात तर घाईत सुईच्या भोकाशी झगडावं लागणार नाही. एखाद्या सहकारी बाईचं बटण तुटलं तर तिलाही ही पिशवी द्या, आणि जे वापरलं गेलं ते त्याच आठवड्यात भरून ठेवा.