माळ्यावरचा ४८६ चवथीआधी सुरू करताना

फोंड्याला मामांच्या घरी माळ्यावर एक ४८६, म्हणजे नव्वदच्या दशकातला जुना संगणक, पडून आहे. कुळागराचे जुने हिशेब, सुपारी किती गेली, नारळ कुणी नेले, सगळं त्यात, लोटस १-२-३ या हिशेबाच्या जुन्या प्रोग्राममध्ये. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे जमतील तेव्हा तो लावायचं ठरलंय. पण त्या दिवशी आरतीच्या घाईत स्क्रू शोधत बसायचं नसेल तर काही कामं आधीच उरकलेली बरी.

पावसाळ्यात खाली आणलेला डबा लगेच प्लगला लावू नका. दोन-चार दिवस कोरड्या खोलीत राहू दे. मग झाकण काढून आधी बॅटरी बघा. मदरबोर्डवर झाळलेली निळी निकेल-कॅडमियमची असेल आणि आजूबाजूला हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर ती काढून टाका, नाहीतर तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. बॅटरी मेली म्हणजे नुसती तारीख जात नाही, हार्ड डिस्कचं मापही जातं. सिलिंडर, हेड, सेक्टर हे आकडे बहुतेक वेळा डिस्कच्या लेबलवर छापलेले असतात. ते वहीत उतरवून घ्या, मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटअपच्या पडद्यावर तेच भरायचेत.

आता तारीख, आणि इथे घाई नको. घड्याळाची चिप वर्षाचे दोनच आकडे मोजते, शतक वेगळ्या जागी असतं आणि कितीतरी जुने बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) ते स्वतःहून पुढे सरकवत नाहीत. मग चिप १९०० सांगते, डॉसला (त्यावेळच्या ऑपरेटिंग सिस्टिमला) १९८० च्या आधीचं काही माहीतच नाही, आणि पडद्यावर ४ जानेवारी १९८० उमटतं. तसं दिसलं तर मशीन बिघडलं असं समजू नका. डेट कमांडला वर्ष चार आकडी द्या. नुसतं २६ लिहिलंत तर नाकारेल. क्रमही बघा, मुळात महिना आधी येतो. ५ सप्टेंबरचा ९ मे झाला की कुणाच्या लक्षातही येत नाही.

डॉसची फाइल-तारीख अवघ्या १६ बिटांची, त्यातले वर्षाला ७. म्हणजे १९८० ते २१०७. आपल्याला पुरून उरेल. विंडोज ३.१ च्या फाइल मॅनेजरने मात्र २००० नंतरचं वर्ष ‘:०’सारखं काही दाखवलं तर घाबरू नका, फाइल ठीक असते.

एखादा प्रोग्राम २००० पुढचं वर्ष घेतच नसेल तर २८ वर्षं मागची तारीख द्यायची: २०२६ साठी १९९८. वार तंतोतंत जुळतात. तिथी मात्र जुळत नाहीत, तेव्हा चवथ त्यात शोधू नका.

लोटसच्या आकड्यांना हात लावताना एक गंमत लक्षात ठेवा. त्यात १९०० हे लीप वर्ष धरलंय. तसं ते नव्हतं, पण एक्सेलनेही जुन्या फायली चालाव्यात म्हणून ती चूक जशीच्या तशी ठेवली. दोघांचे दिवस एकच येतात, त्यामुळे मामांच्या हिशेबाला धक्का नाही.

उघडण्याआधी सगळ्या फ्लॉपींची नक्कल करा. साडेतीन इंचीवर भोक उघडं दिसलं की त्यावर लिहिलं जात नाही, तसंच ठेवा. कॉपी केल्याने फाइलची जुनी तारीख टिकते; उघडून सेव्ह केली की गेली. म्हणून डायर (DIR) टाइप करून फायलींची यादी आधीच छापून घ्या. प्रिंटरची रिबन सुकली असेल, तर मोबाइलने पडद्याचा फोटो काढा.