सर्क्युलर सॉ शिकताय? आधी प्लाय कशावर ठेवलाय ते बघा

आयटीआयमधून सुतारकामाचा कोर्स करून मी पुण्यात फर्निचरच्या साईटवर लागलो तेव्हा हातकरवत, रंधा, गुण्या सगळं येत होतं, पण हातात धरायचं सर्क्युलर सॉ मशीन, म्हणजे विजेवर चालणारी ७ इंची गोल ब्लेडची करवत, ते नीट कुणी शिकवलंच नव्हतं. साईटवर कुणाला वेळ नसतो, मिस्त्री एकदा कापून दाखवतात आणि म्हणतात हे असं, चल लाग कामाला. आता हाताखाली नवीन पोरं येतात त्यांना मी पहिले दोन दिवस मशीन चालूच करू देत नाही, फक्त शीट मांडायला लावतो. का ते सांगतो.

माझ्या उजव्या मांडीवर सहा टाक्यांची खूण आहे. १८ एमएमची आठ बाय चार फुटी प्लायची शीट दोन घोड्यांवर, म्हणजे लाकूड टेकवायच्या स्टँडवर, आडवी टाकली होती, एक घोडी या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मी बरोबर मधून कापायला निघालो. निम्म्याच्या पुढे गेलो तशी शीट मधे खचली, कापलेली फट वरून मिटली, ब्लेड त्यात दाबलं गेलं आणि मशीन एका झटक्यात उसळून माझ्या अंगावर आलं. त्यात त्या जुन्या मशीनचा खालचा गार्ड, म्हणजे ब्लेड झाकणारं सरकतं झाकण, आधीच कुणीतरी बाइंडिंग तारेने वर बांधून ठेवलेला, कारण म्हणे तो मधे मधे अडकतो. मी ब्लेडच्या बरोबर मागे उभा होतो. पँट जाड होती म्हणून थोडक्यात निभावलं, नाहीतर काय झालं असतं ते आठवलं तरी आजही पोटात गोळा येतो.

याला किकबॅक म्हणतात आणि नवीन माणसाला वाटतं की तो मशीनच्या ताकदीमुळे होतो. तसं नाही. ब्लेडला फिरायला जागा मिळाली नाही की होतो. फट मिटली की मागच्या बाजूचे दात लाकडात रुततात, मोटर तर फिरतच असते, मग ब्लेड लाकडावर चढतं आणि अख्खं मशीन मागे फेकलं जातं, आणि मागे आपण असतो. म्हणजे खरी चूक बटण दाबायच्या आधीच झालेली असते, शीट मांडताना.

मग मांडायचं कसं. सगळ्यात सोपं आणि मला सगळ्यात पटलेलं म्हणजे जमिनीवर २ इंची थर्माकोलची शीट टाकायची आणि त्यावर प्लाय. ब्लेड थोडं थर्माकोलमध्ये गेलं तरी काही बिघडत नाही आणि दोन्ही तुकडे शेवटपर्यंत जागच्या जागी राहतात. थर्माकोल नसेल तर सारख्या जाडीच्या चार पट्ट्या घ्या, दोन रेषेच्या या बाजूला, दोन त्या बाजूला, रेषेपासून थोड्या लांब. गुडघ्यावर बसून कापायला लागतं, कंबर दुखते हे खरं, पण शीट खचत नाही. टोकाचा छोटा तुकडाच काढायचा असेल तर तो मोकळा खाली पडू द्यायचा, त्याला खालून हात लावून धरायला कुणालाही सांगू नका, मदत करणारा घाबरून तो वर उचलतो आणि फट परत मिटते. अखंड लाकूड, सागवान वगैरे उभं चिरताना तर आधार बरोबर असूनही आतल्या ताणामुळे फट मिटते, तिथे मशीन बंद करून कापलेल्या भागात छोटी पाचर बसवायची आणि मग पुढे जायचं.

डेप्थ. ब्लेड लाकडाच्या खाली साधारण ५-६ एमएम बाहेर दिसेल एवढंच ठेवा, पूर्ण खाली सोडू नका. नवीन पोरं दर वेळी सेट करायचा कंटाळा करतात. जेवढं जास्त ब्लेड बाहेर तेवढं अडकायलाही जास्त आणि लागायलाही जास्त.

उभं राहताना रेषेच्या बाजूला राहा, मागे नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनचं ब्लेड उजव्या अंगाला असतं, मोटर डावीकडे, म्हणून आपण डावीकडे. बेसचा, म्हणजे मशीनच्या खालच्या सपाट पत्र्याचा, रुंद भागही डावीकडेच असतो, तो आधार असलेल्या मोठ्या तुकड्यावर टेकला पाहिजे. दोन्ही हात मशीनवर, म्हणजे शीट आधीच क्लॅम्प केलेली हवी, एका हाताने शीट आणि दुसऱ्याने मशीन हे चालणार नाही. सरळ कापायला अल्युमिनियमची पट्टी क्लॅम्प करून तिला बेस चिकटवून चालवा. ब्लेड पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावायचं. रेष सुटली तर मशीन पिळून परत रेषेवर आणायचा मोह होतो, तो टाळा, बटण सोडा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मग मागे घेऊन परत सुरू करा. फिरतं ब्लेड कटमधून मागे ओढू नका. आणि गार्ड अडकत असेल तर भुसा साफ करा, स्प्रिंग बदलून घ्या, तार बांधू नका, प्लीज.

चांगली बाजू खाली ठेवायची बरं का, दात खालून वर येतात म्हणून सनमायका वरच्या बाजूने उडतो.

आता एक गोष्ट जी मला मनापासून खटकते. बऱ्याच साईटवर सर्क्युलर सॉ नसतोच, ४ इंची मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून प्लाय कापतात. स्वस्त पडतं, हलकं असतं, मला कळतं. पण त्याला खालचा झाकणारा गार्ड नसतो, बटण लॉक होतं, म्हणजे हातातून सुटलं तरी फिरत राहतं, आणि वेग मोठ्या मशीनच्या दुप्पट, १२००० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या, आसपास. नवीन असाल तर त्याच्यावर शिकू नका, मालकाला स्पष्ट सांगा की मला येत नाही. एखादा बोलेल, बोलू दे.

चष्मा आणि कानाला मफ लावाच. हातमोजे मात्र नकोत, सैल मोजा ब्लेडने ओढला की बोटंही जातात. भुशासाठी रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क घ्या, लाकडाची धूळ १९९५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत आहे, आणि आपण ती रोज आठ-आठ तास खातो.

ब्लेड बदलताना नुसतं बटण बंद पुरे नाही, पिन सॉकेटमधून काढून स्वतःच्या समोर ठेवा, म्हणजे दुसरं कुणी ती चुकून लावणार नाही. बहुतेक मशीनमध्ये ब्लेड ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने पाना फिरवला की बोल्ट सैल होतो, उलटा जोर लावून पाना सटकला की हात थेट दातांवर जातो.